ओव्हाळांनी निवडलेला किनारा

धोंडीबा ओव्हाळ आमच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. चिंचवडच्या त्या कारखान्यात मी १९७३ साली लागलो आणि मला त्यांच्याच टेबलावर बसवलं. इंजिनात जाणाऱ्या पोलादी पिना ट्रे भरभरून आमच्यासमोर यायच्या. त्या मायक्रोमीटरने मोजायच्या, मापात असतील त्या पुढे पाठवायच्या, नसतील त्या लाल डब्यात टाकायच्या. काम एवढंच. पण ओव्हाळांचं एकदा मोजून समाधान होत नसे. पिन फिरवून ते दुसऱ्या बाजूने मोजत, मग फडक्याने पुसून तिसऱ्यांदा. मशीनवाले वैतागायचे. तरी ओव्हाळांनी पास केलेला माल कधी परत आला नाही, हे साहेब लोकांनाही ठाऊक होतं.

ते मूळचे मावळातले. सातवी शिकून घरी बसले होते, तेव्हा इकडे एमआयडीसीच्या जमिनींवर शेड उभ्या राहायला लागल्या. ओव्हाळ खणायच्या कामावर आले. आम्ही ज्या शेडमध्ये बसायचो तिचा पाया खणणाऱ्यांत ते होते. पुढे तिथेच हेल्पर झाले आणि हेल्परचे इन्स्पेक्टर झाले. मला कोणी हे सांगितलं नसतं तर कळलंही नसतं, कारण ते स्वतःबद्दल बोलत नसत.

त्यांची बायको कस्तुरावहिनी मात्र बोलकी होती. थेरगावात नदीच्या अंगाला दोन खोल्या भाड्याने घेऊन दोघं राहायची. मूलबाळ नव्हतं. मी एकटाच खोली करून राहत होतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, मला जेवायला बोलवायचे. वहिनी भाकरी थापता थापता म्हणायची, "सुरेंद्रभाऊ, तुमच्या ओव्हाळांना सांगा, भाकरीला मायक्रोमीटर लावू नका म्हणावं." ओव्हाळ खाली मान घालून हसायचे.

शहात्तरच्या पावसाळ्यानंतर वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. आधी गावातली औषधं झाली, मग पुण्याला दाखवलं, आणि शेवटी मुंबईला. तिथे सव्वा महिना ती इस्पितळात होती. विजेचे शेक दिले, पण पोटातली गाठ पसरली होती. डॉक्टरांनी ओव्हाळांना बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या, तीन महिने, फार तर चार. ओव्हाळांनी ते तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

घरी आल्यावर पहिल्याच गुरुवारी मी भेटायला गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. निम्मी झाली होती. दुखणं दबावं म्हणून रोज रात्री आठला कंपाउंडर घरी येऊन इंजेक्शन देऊन जायचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "सव्वा महिना मुंबईत ऱ्हायले सुरेंद्रभाऊ, आन् समुद्र काय दिसला न्हाई. शेजारच्या खाटेवर एक कोळीण होती. ती दिसरात समुद्राचंच बोलायची. मला वाटलं, निघताना तरी दिसंल. तर टॅक्सी निघाली ती थेट ठेसनावर."

"मग जाऊ की परत," ओव्हाळ म्हणाले. "चौपाटीला जाऊ."

"मुंबई नको. मला त्या गावाचा वास नको आता. दुसरीकडं कुठं असंल तर बघा. सकाळी जाऊन सांच्याला घरी."

ती सहज बोलली होती. ओव्हाळांनी मात्र ते काम म्हणूनच अंगावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "सुरेंद्र, हितनं एका दिवसात जाऊन येण्यासारखा किनारा कोणता?" मी कॉलेजात असताना अलिबागला गेलो होतो. ते सांगितलं. कुणी किहीम सांगितलं, कुणी नागाव, एकाने मुरूड. ओव्हाळांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बघून आल्याबिगर न्हाई सांगता यायचं."

आणि ते खरंच बघायला गेले. जानेवारीतल्या एका गुरुवारी पहाटेची एसटी धरून खोपोली, पेण करत किहीमला. परत आले आणि दुसऱ्या दिवशी मला सांगायला लागले. सावली चांगली आहे, सुरूची झाडं आहेत. पण गाडी थांबते तिथून पाण्यापर्यंत दोनशे तीस पावलं, आणि वाळू भुसभुशीत. तिला जमणार नाही. पुढच्या गुरुवारी नागाव. तिथे वाडीतून जाणारी वाट अरुंद, गाडी आत जात नाही. मुरूड त्यांनी अंतरावरूनच खोडलं. जवळ डॉक्टर कुठे आहे, मोरीची सोय कुठे आहे, खड्डे किती, सगळं त्यांच्या तोंडपाठ होतं.

या दोन आठवड्यांत वहिनी बाहेरच्या नळापर्यंत चालत होती ती आता जेमतेम दारापर्यंतच जाऊ लागली. मी एकदा म्हणालो, "भाऊ, कुठेही न्या. समुद्र इथूनतिथून सारखाच."

"सारखा कसा? ट्रेमधल्या दोन पिना तरी सारख्या असत्यात का?"

तिसऱ्या गुरुवारी, तीन फेब्रुवारीला, ते अलिबागला गेले. दुसऱ्या दिवशी कामावर आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. "सापडलं," म्हणाले. "गाडी पार बांधापर्यंत जाती. बांधाला टेकून पाणी. मी मोजलं, दारातनं उतरलं की बारा पावलं. खुर्ची टाकली की पाय पाण्यात."

पुढच्याच गुरुवारी निघायचं ठरलं. कोंडाजी म्हणून एक टॅक्सीवाला ओव्हाळांच्या ओळखीचा होता, त्याची अँबॅसिडर घेतली. वहिनीला एकट्याने धरणं जड जाईल म्हणून मीही गेलो. मागच्या सीटवर गादी अंथरली, एक लोखंडी घडीची खुर्ची डिकीत टाकली. सकाळी सहाला थेरगाव सोडलं. वहिनीने इरकली लुगडं नेसलं होतं. घाट उतरताना तिला त्रास झाला, पेणला थोडा वेळ थांबलो. तिथून पुढे मात्र ती खिडकीला डोकं लावून बाहेर बघत होती. मिठागरं दिसली तेव्हा तिने विचारलं, "ह्यो का समुद्र?" ओव्हाळ म्हणाले, "न्हाई, थांब. मी दावतो तुला."

साडेअकराला अलिबागच्या बांधावर गाडी उभी राहिली. आणि समोर पाणी नव्हतं.

वाळू होती. ओली, काळपट वाळू, लांबच लांब. तिच्यापलीकडे पार कडेला एक चकाकती रेघ होती. ओव्हाळ गाडीतून उतरून नुसते उभे राहिले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जागा चुकली की काय म्हणून. जागा तीच होती.

बांधाजवळ एका कोळी बाईचं चहाचं दुकान होतं. दुर्गाबाई नाव. ओव्हाळांनी तिला विचारलं, "बाई, पाणी कुठं गेलं? मागल्या गुरुवारी तर हितं व्हतं."

"मागल्या गुरुवारी पुनव होती," ती म्हणाली. "पुनवेला दुपारी बाराला भरती. आज सातम. आता ओहोटी लागलीय. संध्याकाळी साडेपाच-सहाला येईल इथवर."

पौर्णिमा होती हे ओव्हाळांना ठाऊक होतं. माघी पौर्णिमेची बुद्धवंदना करूनच ते त्या सकाळी घरातून निघाले होते. पण पौर्णिमेचा आणि पाण्याचा असा काही संबंध असेल, हे मावळातल्या माणसाला कुठून कळावं? मलाही माहीत नव्हतं. मी तर शिकलेला होतो.

"आपण नेऊ तिला," ओव्हाळ मला म्हणाले. "खुर्चीत बसवून उचलून नेऊ."

वहिनीला खुर्चीत बसवलं, एका बाजूने त्यांनी धरलं, एका बाजूने मी. वजन काहीच नव्हतं. पण ओल्या वाळूत पाय रुतत होते आणि दर पावलाला खुर्चीला हिसका बसत होता. वहिनी ओठ दाबून बसली होती. चाळीसएक पावलं गेलो असू, तेव्हा ती म्हणाली, "बास. खाली ठेवा." आम्ही खुर्ची ठेवली. चारही पाय वाळूत बोट-बोट गेले. पाणी अजून तेवढंच लांब दिसत होतं. त्याचा आवाजही नीट येत नव्हता. आम्ही तिघं तिथे कितीतरी वेळ होतो. मग ऊन लागायला लागलं म्हणून तिला परत बांधाजवळ, दुर्गाबाईच्या छपराखाली आणलं.

वहिनीने दोन घास दहीभात खाल्ला आणि तिचा डोळा लागला. ओव्हाळ बांधावर समुद्राकडे पाठ करून बसले होते.

तीनच्या सुमाराला वहिनी जागी झाली आणि म्हणाली, "अवं, जवळ आल्यागत दिसतंय."

खरंच पाणी निम्मं आत आलं होतं. लाटा ओळखू येत होत्या. ओव्हाळांनी घड्याळात पाहिलं. "निघाया पायजे," ते म्हणाले. "आठला इंजेक्शन हाय तुझं. घाटात अंधार नको."

"थांबू की जरा. येतंय ते."

कोंडाजी गाडी पुसत होता, तो म्हणाला, "भाऊ, थांबा की. मला काही घाई नाही. आणि घाट मी रात्रीचाही चढवतो."

दुर्गाबाईनेही सांगितलं, दोन-अडीच तासांचा तर प्रश्न आहे, इथे सावलीत झोपवा बाईंना.

ओव्हाळ उभे राहून विचार करत होते. मी त्यांना इतकी वर्षं पिन हातात धरून विचार करताना पाहिलं होतं, तसेच. मग म्हणाले, "न्हाई. इंजेक्शन चुकलं तर रातभर तळमळशील. परत येऊ आपण. पुनव बघून येऊ."

आम्ही वहिनीला उचलून गाडीत ठेवलं. मी एक शब्द बोलायला हवा होता. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, वाटलं, नवराबायकोच्या मध्ये कशाला पडा.

घरी पोचलो ते आठला पाच कमी असताना. इंजेक्शन वेळेवर झालं.

पुढच्या पौर्णिमेला, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, वहिनीला उठवून बसवणंही शक्य नव्हतं. त्या महिन्याच्या अठरा तारखेला ती गेली.

ओव्हाळ पंधरा दिवसांनी कामावर आले. टेबलावर बसले, मायक्रोमीटर घेतला, पिन मोजली. फिरवून मोजली, पुसून मोजली. मग परत पहिल्यापासून. अर्ध्या तासाने मी पाहिलं तर तीच पिन त्यांच्या हातात होती. ती मापात होती, मी बघून सांगितलं. तरी ती त्यांच्याने ट्रेमध्ये ठेववेना आणि लाल डब्यातही टाकवेना. असं आठवडाभर चाललं. ट्रे साचायला लागले. शेवटी ते स्वतःच साहेबांकडे गेले आणि पॅकिंगला बदली मागून घेतली. पिना कागदात गुंडाळायच्या आणि खोक्यात रचायच्या. ठरवायचं काही नाही. पगार थोडा उतरला, त्यांनी हरकत घेतली नाही.

त्यानंतर आमच्या भेटी कमी झाल्या. माझं लग्न झालं, मी सुपरवायझर झालो. एक्याऐंशी साली कॅन्टीनमध्ये एकदा आम्ही दोघंच टेबलावर होतो. आमच्या खात्यातली माणसं सहलीला अलिबागला जाणार होती, तो विषय निघाला. मला राहवलं नाही. म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला थांबा म्हणायला हवं होतं."

ओव्हाळांनी चहाचा कप खाली ठेवला.

"त्याचं दुख न्हाई मला," ते म्हणाले. "म्हंजी त्याचंबी हाय. पर दुसरं एक हाय, ते मी कुणाला सांगितलं न्हाई. घरी आल्यावर चारपाच दिसांनी कस्तुरा मला म्हणाली, मला काय आता जायला जमायचं न्हाई. तुमी तर भरलेला बघितलाय ना? मग मला सांगा, कसा दिसतो. बसा हितं आन् सांगा."

"मग?"

"मग काय. मला सांगताच येईना. त्या पुनवेला मी बांधावर उभा व्हतो, पाणी समोर व्हतं, पर मी पावलं मोजत व्हतो राव. गाडी कुठं लागंल, खुर्ची कुठं ठेवायची, मोरी कुठंय. समुद्राकडं मी बघितलंच न्हाई. जनमात पहिल्यांदा समोर आला आन् मी बघितला न्हाई."

त्यांनी कप टेबलावरच थोडा फिरवला.

"कायतरी सांगितलं मग. निळा हाय म्हणालो, लई मोठा हाय म्हणालो. तिनं ऐकून घेतलं. रोज दुपारी इचारायची आन् मी रोज कायतरी रचून सांगायचो. तिला कळत असंल. कधी म्हणाली न्हाई."

"आता येता का आमच्याबरोबर?" मी विचारलं. "भरती बघून जाऊ. तुम्ही नीट बघा."

"आता बघून कुणाला सांगू?" ते म्हणाले.

भोंगा झाला. त्यांनी दोन्ही कप उचलले, खिडकीत नेऊन ठेवले आणि पॅकिंगकडे गेले.