फॅन डायरेक्ट

कोल्हापुरात गाडीला काहीही होऊ दे, गॅरेजमध्ये त्यावर एक रामबाण औषध असतं: डायरेक्ट, म्हणजे मधलं सगळं वगळून वायर थेट जोडायची. हॉर्न वाजत नाही, डायरेक्ट करा. दिवा लागत नाही, डायरेक्ट करा. माझी गाडी तापायला लागली तेव्हा आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी रेडिएटरचा पंखाही असाच डायरेक्ट केला. चावी फिरवली की पंखा सुरू, काढली की बंद. इंजिन गरम आहे की गार, हे त्या पंख्याला आता कुणी सांगणारच नव्हतं. शिवाय इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, थर्मोस्टॅट, तीही काढून माझ्या हातात ठेवली.

"आणि तापमान कळवणारा सेन्सर?" मी विचारलं.

"तेच्या नादाला लागू नका मॅडम. सगळ्यांच्या गाड्यांचं असंच केलंय म्या."

मी हुपरीच्या शाळेत विज्ञान शिकवते. तापमान मोजायचं सोडा आणि पंखा कायमचा चालू ठेवा, असं उत्तर कुणी पेपरात लिहिलं तर मी सरळ शून्य देईन. त्या दिवशी मात्र मान हलवून घरी आले. त्याचा मला अजून राग येतो, आणि तो माझा स्वतःचाच येतो.

गाडी चालवायला मी शेहेचाळिसाव्या वर्षी शिकले. त्याआधी वीस वर्षं एसटीनं गेले, त्यातली निम्मी उभ्यानं. गाडी घेतली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, बाईची हौस आहे, चार महिन्यांत फिटेल. फिटली नाही. ही गाडी गेली की मी परत स्टँडवर, आणि मला तिथं परत जायचं नव्हतं. माझ्यासाठी प्रश्न एवढाच होता.

सारखा फिरून फिरून पंखा दीड महिन्यात जळाला. शाळेच्या वाटेवर, पट्टणकोडोलीच्या अलीकडं, बॉनेटमधून वाफ यायला लागली. मी गाडी कडेला घेतली आणि नवऱ्याला फोन केला. ते शिरोलीला एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. मोटरसायकलवरून आले, वाफ बघितली आणि हेल्मेटही न काढता म्हणाले, "इकून टाकूया आता. मी सोडत जाईन की तुला स्टँडवर."

"तुमच्या फाउंड्रीत साच्यात लोखंडाचा रस ओतायच्या आधी तापमान मोजता का न्हाय?"

"मोजतो की."

"मग उद्यापासनं ते मीटर काढून टाका, आणि डायरेक्ट ओता."

"तिथलं येगळं असतंय."

इंजिन गार झाल्यावर पाणी ओतून गाडी थांबत थांबत घरी आणली.

रविवारी गाडी पूर्ण गार असताना मी सेन्सर खोलला. गरम इंजिनवर हा उद्योग केला तर उकळतं पाणी अंगावर येतं. सेन्सर करंगळीएवढा, टोक पितळेचं. त्या टोकावर गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर बसला होता. रेडिएटरमधलं कूलंट कमी झालं की मिस्त्री त्यात नळाचं पाणी ओतायचे, त्याचा हा प्रसाद. मी नवा सेन्सरही आणून ठेवला होता. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी, त्यात शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर, आणि सेन्सरच्या पिनांना मल्टीमीटर. तत्त्व सोपं आहे. तापमान वाढेल तसा सेन्सरचा विद्युतरोध उतरतो आणि त्या आकड्यावरून गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो, पंखा लावायचा की नाही. नवा सेन्सर गार पाण्यात अडीच हजार ओहम दाखवत होता, पाणी ऐंशी अंशांवर गेलं तसा तीनशेच्या आसपास उतरला. जुना कसाबसा पंधराशेवर आला आणि तिथंच बसला. म्हणजे इंजिन उकळत असताना हा बापडा वर कळवत होता, सगळं कोमट आहे. बिघाड सेन्सरचा आणि इलाज पंख्यावर; दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, ते असं.

नवरा दारात उभं राहून सगळं बघत होते. म्हणाले, "त्या पातेल्यात आता चहा करू नको."

सोमवारी रजा टाकून गॅरेजवर गेले. नवा सेन्सर, पंख्याला नवी मोटर, थर्मोस्टॅट परत जागेवर, आणि नळाच्या पाण्याऐवजी कूलंट. डायरेक्टची वायर कापायला मिस्त्रींचा हात होईना.

"परत तापली तर माझ्याकडं येऊ नका मॅडम."

"येणारच. पण वायर कापा."

त्यांनी ती कापली. इंजिन सुरू ठेवून आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. तापमानाचा काटा हळूहळू वर आला, मधोमध थांबला. पंखा गप्प. मी काट्यावरची नजर हलवली नाही. मग एकदम पंखा लागला, थोडा वेळ फिरला आणि आपला आपण बंद झाला. "लागला की," मिस्त्री म्हणाले आणि हात पुसत दुसऱ्या गाडीकडं वळले.

पंधरा दिवस गाडी न तापता गेली-आली. आणि एका संध्याकाळी शाळेतून आले तर सोफ्यावर एक अनोळखी गृहस्थ. गाडी बघायला आले होते.

"आता ए-वन झालीया," नवरा खुशीत म्हणाले, "चांगल्या भावात जाईल."

तेव्हा मला कळलं. काटा लाल रेषेवर असो की मधोमध, यांचं उत्तर तेच होतं: विका. मला आधी वाईट वाटलं, मग सणसणीत राग आला.

"पावणं, चहा घेऊन जावा. गाडी इकायची न्हाय."

"मी शब्द दिलाय त्यांना," नवरा म्हणाले.

"आरसीवर नाव कुणाचं हाय? सही कोण करणार?"

पाहुणे शहाणे निघाले. "वैनी न्हाय म्हणत्यात तर ऱ्हाऊ दे," म्हणत उठले.

ते गेल्यावर नवरा दार लावून आले. मग खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी वाफंत तुला एकटी उभी बघितली. तवापासनं तू निघालीस की माझं ध्यान लागत न्हाय कामात."

एवढ्या वर्षांत ते असं पहिल्यांदाच बोलले. मला भरून आलं. तरीही मी म्हणाले, "भ्या तुमाला वाटतंय, आणि गाडी मी सोडायची व्हय?"

मी चावी घेतली आणि कूलंट किती आहे ते बघायला खाली गेले.