करडीच्या पत्र्याची तीन भोकं

चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या आयडियावर टाळ्या घेतल्या.

त्या आयडियाचा धनी आज सकाळी गेला. डोमाजी मिस्त्री. मुक्काम करडी, जिल्हा भंडारा.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भातगिरणीची मशीनं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत मी नवा सर्व्हिस इंजिनिअर. तुमसरच्या गिरण्यांतून एकच बोंब: तुमचं मशीन तांदूळ फार तोडतं.

दोन रबरी रोल, त्यांच्यामधून धान गेलं की टरफल निघतं. पण दाणा आडवा पडला की तुकडा. हेड ऑफिसचे साहेब रबर बदलून बदलून थकले.

करडीच्या गिरणीत मात्र आमच्याच मशीनमधून अख्खा तांदूळ पडत होता!

बघतो तर रोलच्या वर छपराचा नालीदार पत्रा तिरका बसवलेला. त्या नाल्यांतून धान घसरत यायचं, शाळेतल्या पोरांसारखं एका रांगेत. काम गावच्या मिस्त्रीचं, म्हणून त्यांच्या घरी गेलो.

"हे सुचलं कसं, मिस्त्री?"

त्यांनी बायकोकडे, यमुनाबाईंकडे बोट दाखवलं. "मले कुठं सुचते साहेब! हिनं पत्र्यावर धान वाळू घातलं होतं. पत्रा उचलला तं सारे दाने सीधे लाइनीत. हिनंच दाखवलं मले."

मग ते माझ्यासोबत गिरणीत आले. टेप काढायला मला लाज वाटत होती. दुसरं टोक त्यांनीच धरलं.

"मोजा ना. लपवाचं कायले? मोजल्यानं पत्रा झिजते का?"

त्यांच्याकडे रिवाजच होता तो. कुणीही यावं, माप घ्यावं, चहा पिऊन जावं.

मी ड्रॉइंग पाठवलं. मोठ्या साहेबांनी विचारलं, "तुझी आयडिया?"

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं मला प्रमोशन मिळालं.

दोन हंगामांनी नवं मॉडेल आलं. तुमसरला बसवायला गेलो, तर फिटिंगला नेमके डोमाजी!

ते नव्या पत्र्यावरून हात फिरवत राहिले. मग जे हसत सुटले, थांबेचनात.

"साहेब, वरच्या कडेले हे तीन भोकं काहून पाडले?"

"ड्रॉइंगमध्ये होती."

"अजी, ते तं माह्या छपराच्या खिळ्याचे होत!"

एवढी मोठी कंपनी. एवढे तपासणीचे शिक्के. भोकं कशाला, हे एकानंही विचारलं नव्हतं. मीही नाही.

तिथेच मी सगळं कबूल केलं. नाव माझं लागलंय, म्हणालो. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"म्या बनवले असते तं चार गिरन्यांत लागले असते. तुमच्या कंपनीनं पार बालाघाटवरी नेलं. बेसच झालं. फक्त कोनी विचारलं तं सांगजा, करडीच्या डोमाजीचं होय म्हनून. अन् यमुनीचं बी."

विचारलं ना. खूपदा विचारलं. रिटायर झाल्यावर तर कॉलेजवाले बोलावतात: नवं काही मोठ्या कंपन्या करतात की छोट्या? मी तासभर बोलतो. हे नाव तेवढं कधी तोंडातून निघालं नाही.

मागच्या वर्षी एक कोरं मशीन पाहिलं. तीन भोकं अजून आहेत. माहितीपुस्तिकेत लिहिलंय, "धूळ बाहेर जाण्यासाठी."

मिस्त्री, तुम्ही असताना सांगायचं होतं. एवढंच तर मागितलं होतंत. नाही जमलं मला, माफ करा.

आज कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.

ते करडीच्या डोमाजीचं होय. अन् यमुनाबाईंचं बी.

शेवटचा नमस्कार, मिस्त्री.