फेब्रुवारीतला कोबा

तुमचे उन्हाळे कुठे जातात?

आमचे पुण्याला जात. शाळेला सुट्टी लागली की बॅगा निघत, आणि आम्ही परत येईपर्यंत सप्टेंबर अर्धा सरलेला असे. आमचं घर म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या पलीकडच्या एका गावात आहे. तिथे सप्टेंबर सरत आला की सकाळी बाहेरच्या गाड्यांच्या काचा दवाने पांढऱ्या होतात. मग ऑक्टोबरचं धुकं, मग बर्फ. घराला लागून एका गाडीपुरतं गॅरेज आहे आणि त्यातूनच एक दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. हिवाळ्यात गाडी, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा चिखल घेऊन आत येते. तो वितळतो, खारं पाणी जमिनीत मुरतं, गोठतं, फुगतं. दर वर्षी थंडी ओसरली की कोब्याचे पोपडे निघायचे. आधी वरचा गुळगुळीत थर गेला, मग खडी उघडी पडली, मग स्वयंपाकघराच्या दारासमोर एक खोलगट खड्डा झाला. त्यात पाणी साचायचं आणि कडाक्याच्या थंडीत त्या पाण्याची काच व्हायची.

नवा कोबा करायला ऊबदार जमीन लागते आणि घरात सवड असलेला माणूस लागतो. आमच्याकडे या दोन गोष्टी एका वेळी कधीच नव्हत्या.

बाबा मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. दर मे महिन्यात ते हौसेने तयार मिश्रणाच्या गोण्या आणायचे. जूनमध्ये त्यांच्या कामाची धावपळ, जुलैत भारतातल्या सगळ्यांसाठी खरेदी, ऑगस्टमध्ये विमान. केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या ओलीने गोण्या बसल्या जागी दगड होत. आई त्यांच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवायची.

"अहो, यंदाच्या गोण्या जरा उंच आणा. वाकावं लागतं मला."

"अगं, दोन-तीन वर्षांत परतच जायचंय. एवढ्यासाठी सगळी जमीन कशाला उखडायची?"

"या, गेनाऊ," आई म्हणायची, म्हणजे 'हो, अगदी बरोबर'. टोमणा मारायला तिला एवढं जर्मन पुरत असे.

आई कॉलेजात असताना पुण्यात बायकांच्या एका गटात काम करायची. लग्न होऊन इकडे येताना तिने भांड्यांच्या खोक्यात त्या काळातल्या पत्रकांचा गठ्ठा आणला होता. घरात मुलांची मराठी पुस्तकं फारशी नव्हती, म्हणून मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. मी न अडखळता वाचलेला पहिला मोठा शब्द 'निषेध' होता. तेव्हा मला जो राग येतो तो घरचाच आहे, आणि तो मी इथे लपवणार नाही. तात्पुरतं राहणं ही परिस्थिती नसते. वर्षानुवर्षं तसं राहिलं की तो निर्णय असतो. तो घेतो एक जण, आणि त्याची किंमत मोजतो तो माणूस, जो दिवसभर त्याच घरात वावरतो. बाबा सकाळी त्या खड्ड्यावरून गाडी बाहेर काढत आणि संध्याकाळी आत आणत. आई दिवसातून कितीतरी वेळा तो ओलांडायची, कारण कांदे-बटाटे, तांदळाची पोती, दुधाचे खोके, सगळं गॅरेजमध्ये होतं. ती त्या जागी पाय जरा तिरका टाकायची. मला वाटायचं, तिची चालच तशी आहे.

जानेवारीत ती कांदे आणायला गेली आणि पडली. बाबा कामावर होते, मी म्युनिकमध्ये माझ्या खोलीवर. फोन स्वयंपाकघरात राहिला होता. खुबा मोडलेला, उठता येईना, आणि अंगाखाली बर्फ. ती हाका मारत राहिली. शेजारी एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. त्यांना आवाज येत होता. पण आईची हाक होती "अहो", आणि ती हाक त्या बाई भिंतीपलीकडून रोजच ऐकत असत. वाटलं, नवऱ्याला बोलावतेय. पुढे त्या पायवाटेवर मीठ टाकायला बाहेर आल्या तेव्हा गॅरेजच्या अर्ध्या उघड्या शटरखाली त्यांना आईचे पाय दिसले.

"बाबा घरात नाहीत हे माहीत होतं ना तुला?" मी दवाखान्यात तिला विचारलं.

"होतं की."

"मग?"

"मग दुसरं कुणाला मारू हाक?"

ऑपरेशन नीट झालं. तिथून तिला रेहामध्ये, म्हणजे पुन्हा चालायला शिकवतात तिथे हलवलं. तिथल्या बाईंनी बाबांना समोर बसवून विचारलं की घरात शिरताना पायऱ्या आहेत का. पुढच्या दाराला आहेत. मग बिनपायऱ्यांची वाट? ती गॅरेजमधून. जमीन सपाट आहे का, रोलाटोरची, म्हणजे धरून चालायच्या वॉकरची चाकं अडकणार नाहीत ना? बाबांनी खड्ड्याचं सांगितलं. बाई म्हणाल्या, ती वाट तयार झाली की या घरी जाऊ शकतील, तोवर नाही.

बाहेर पडताच बाबांनी कारागिरांना फोन लावायला सुरुवात केली. सगळ्यांनी एप्रिलनंतरचं सांगितलं. एकाने हसून विचारलं, आज खिडकीबाहेर बघितलंत का?

"आपण करू," बाबा मला म्हणाले. "तू ये शनिवारी."

फेब्रुवारीत नव्या गोण्या आणून आम्ही तो कोबा केला. बाबांनी भुसभुशीत झालेला थर छिन्नी-हातोड्याने काढला, मी खडीतली धूळ ब्रशने झाडून व्हॅक्यूमने ओढली. शटरच्या फटीत जुन्या रजया कोंबल्या. विजेवर चालणारे दोन हीटर लावले. आतली हवा ऊबदार झाली, पण जमिनीला हात लावला की बोटं बधिर व्हायची.

"बाबा, गोणीवर लिहिलंय, जमीनसुद्धा पाच अंशांच्या वर हवी."

"होईल. हीटर आहेत ना."

"हे तुम्ही इंजिनिअर म्हणून सांगताय की नवरा म्हणून?"

"थापी दे इकडे. पत्रक नंतर काढ."

ते हसले, मीही हसले. फार दिवसांनी आम्ही दोघं एकाच कामात होतो. ते गुडघ्यांवर बसून गवंड्याच्या रंध्याने सपाट करत मागे सरकत होते, मी बादलीत मिश्रण घोटून पुढे देत होते. दारापासून शटरकडे किंचित उतार दिला. संध्याकाळपर्यंत सगळी जमीन राखाडी, ओली, गुळगुळीत झाली. इतकी सुंदर मी ती कधीच पाहिली नव्हती.

मग बाबांनी गोणपाट आणलं. हीटरच्या कोरड्या हवेने वरचा थर तडकेल, ही त्यांची भीती. पुण्यात त्यांच्या लहानपणी घराला कोबा केला की वर गोणपाट अंथरून दिवसरात्र पाणी मारायचे, ते त्यांच्या हातात बसलेलं होतं. त्यांनी गोणपाट भिजवलं, पिळलं आणि लेकराला पांघरूण घालावं तसं कोब्यावर अंथरलं. मला तरी कुठे माहीत होतं?

त्या रात्री पारा इतका खाली गेला की हीटर पुरे पडले नाहीत. सकाळी गोणपाट पुठ्ठ्यासारखं ताठ झालेलं. बाबांनी एक कोपरा उचलला तर कोब्याचा वरचा थर त्यालाच चिकटून वर आला. खालचं मिश्रण नखाने खरवडलं तरी भुगा होत होतं. पाणी सिमेंटला मिळायच्या आधीच गोठलं होतं. बाबांनी दुसरा कोपरा उचलून पाहिला, मग तिसरा. मग तिथेच बसले आणि हातातला भुगा परत जागेवर ठेवू लागले.

दुपारी आम्ही आईकडे गेलो. बाबांनी काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "नाही ना झालं?"

"थोडं राहिलंय. पुन्हा करतो पुढच्या आठवड्यात."

"अहो, राहू दे. मी पुण्याला जाते. ताईकडे."

मावशीचं घर तळमजल्यावर आहे. आईने तिच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "बरं होईपर्यंत ना?"

"मला जरा चहा आणा," ती म्हणाली. बाबा गेले तेव्हा मी विचारलं, "रागावून चाललीस का?"

"रागावले असते तर इथेच राहिले असते. रोज बोलायला." मग म्हणाली, "पडायचं मला काही नाही गं. तिथे हाक मारली की वरचा, बाजूचा, कुणीतरी दार उघडतं. इथे मी हाक मारत होते आणि माझा आवाज मलाच ऐकू येत होता. ते पुन्हा नको."

एप्रिलमध्ये, रेहा संपल्यावर, मी तिला पुण्याला पोहोचवून आले.

त्या वर्षी बाबा पहिल्यांदाच उन्हाळ्यात इथे राहिले. आधी कोबा, मग तिकीट, असं म्हणाले. जुलैच्या उन्हात त्यांनी फेब्रुवारीचं सगळं खणून काढलं, खालची जमीन स्वच्छ केली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी सगळं सोपं गेलं. मिश्रण हाताचं ऐकत होतं. पाणी मारलं तरी चाललं, उलट मारायलाच हवं होतं. दोन आठवड्यांनी त्यांनी अख्ख्या जमिनीवर लाकडी पट्टी फिरवून पाहिली, तिच्याखाली कुठेच फटीतला उजेड दिसला नाही. शटरपर्यंत ओघळत गेलेलं पाणी ते लहान मुलासारखं बघत राहिले.

मग त्यांनी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन जमिनीवरून सावकाश फिरवला.

"छान झालंय," आई म्हणाली. "उतार दिलात?"

"दिलाय. आता काठीसुद्धा नको तुला. ये बघायला."

तिच्या मागे मावशीच्या कुकरची शिट्टी झाली. आई म्हणाली, "ऑक्टोबरात याल तेव्हा माझी छोटी कढई आणा. आणि ती पत्रकं. माझा जाड कोट आणि बूट मात्र शेजारच्या बाईंना देऊन टाका. त्यांना होतील."

बाबांनी फोन आपल्या तोंडाकडे वळवला. "अगं, कोट कशाला द्यायचा? इथे लागेल की."

"तुम्हाला होणार आहे का तो?" ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात.

"बरं," बाबा म्हणाले.

त्यांची नोकरी अजून काही वर्षं आहे, त्यामुळे ते ऑक्टोबरात गेले आणि एकटेच परतले. गाडी आता ते बाहेर रस्त्यावर ठेवतात. बर्फात सकाळी काच खरवडतात. गॅरेज रिकामं असतं, आणि त्या जमिनीवर एकसुद्धा ओरखडा नाही.

हे मी आईची कीव यावी म्हणून लिहिलेलं नाही. ती तिथे बरी आहे. मावशीबरोबर संध्याकाळी फिरते आणि भाजीवाल्याशी भांडते. मी लिहिते आहे, कारण तुमच्याकडे अजून वेळ असू शकतो. तुमच्या घरात दिवसभर जो माणूस असतो, त्याच्याजवळ आज बसा आणि विचारा, या घरात पाय टाकताना तुला कुठे भीती वाटते? तो जागा दाखवेल. ती नीट होईपर्यंत तिकिटं काढू नका.