गोलपोस्टवर टकटक

न विचारता ठरवून टाकलं, ही माझी चूक. ती ज्यांच्या बाबतीत झाली ते आमच्या कारखान्याच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. राहायला नशिराबादला. सगळा संघ त्यांना चाचा म्हणायचा.

सामन्याआधी चाचा दोन्ही गोलपोस्टवर, शेजाऱ्याचं दार वाजवावं तशी टकटक करत. "भाऊ, ध्यान ठेव. मी एकटा पडतो."

आमच्याकडे क्रिकेटसाठी माणसं रस्ता अडवतील. फुटबॉलचे प्रेक्षक म्हणजे आम्हीच, आणि कडेला चरणारी एखादी म्हैस. "बरंय, ती हुर्यो तर करत नाही," चाचा म्हणायचे. अंगावर धडकून कोणी पडला, की आधी चौकशी. "लागलं का रे? पाय शे ना जागेवर?" तो हो म्हणाला, की मग कचकचीत शिवी. आधी विचारायचं, मग भांडायचं, हा त्यांचा कायदा.

चाचांची पन्नाशी आली तेव्हा कुठे आमचा संघ पहिल्यांदा फायनलला पोचला. धुळ्यात सामना, मे महिन्याचं ऊन, आणि रमजान चालू. संघाचा मॅनेजर मी. मैदानावर नावं वाचताना मी गोलकीपर म्हणून दुसऱ्याचंच नाव घेतलं. चाचांनी हातमोजे चढवलेसुद्धा होते.

"चाचा, तुमचा रोजा आहे. या उन्हात जिवाला त्रास नको."

दर रमजानात ते रोजा धरूनच सराव करत. मी रोज बघत होतो. तरीही त्या क्षणी मला मी फार समजूतदार वाटलो.

"साहेब, विचारलं असतं तर सांगितलं असतं," एवढंच ते म्हणाले. मोजे काढून त्यांनी नव्या कीपरला दिले. "जा, आधी खांबांना सांगून ये."

आम्ही जिंकलो. त्यामुळे मला कोणीच काही बोललं नाही. सूर्य मावळल्यावर चाचांनी डबा उघडला आणि पहिला खजूर माझ्या हातावर ठेवला. "घ्या, उन्हात तुम्हीपण उभे होते."

पुढच्या हंगामात चाचा खेळायला आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. मी मान हलवली, पण माफी तेव्हाही मागितली नाही.

यंदा रमजानात ते सहज सराव बघायला आले, रेषेबाहेर उभे राहिले. मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. चूक सगळ्यांसमोर झाली होती, म्हणून सगळ्यांसमोरच बोललो.

"चाचा, धुळ्यात मी तुम्हाला न विचारता बाहेर बसवलं. तुमची फायनल मी घेतली. माफ करा. रोजा आहे, माहीत आहे. गुडघाही माहीत आहे. पण आज विचारतो, गोलमध्ये उभे राहता का?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, गुडघ्याकडे पाहिलं. मग चपला रेषेवर काढून ठेवल्या, लंगडत गोलपर्यंत गेले आणि खांबावर टकटक केली.