मॉरिशसला पेंढा चालत नाही

पेणजवळच्या जोहे गावात गणपती घडवणारे हात पुष्कळ. पण घडवलेला गणपती गिऱ्हाइकाच्या दारात धड कोण पोहोचवतं असं विचारलं, तर लोक मैनाकाकीचं नाव घेतात. आणि काकी जवळपास असेल तर कोणी घ्यायच्या आधी तीच घेते. लग्न होऊन गावात आली तेव्हापासून ती एकाच कारखान्यात मूर्ती बांधते. आधी सुशीलच्या वडिलांच्या हाताखाली, आता सुशीलच्या. शाडूची मूर्ती म्हणजे मोठी नाजूक बाब. सोंडेचं टोक, मोदकाचा हात, कानाची पाळी, कुठून तडा जाईल सांगता येत नाही. काकी गणपतीला पेंढ्यात असा बसवायची की ट्रक हायवेच्या खड्ड्यांतून आपटत गेला तरी देवाला पत्ता लागायचा नाही.

हा पेंढा तिच्याच शेतातला. भात झोडून झालं की लांब, सोनेरी काडीच्या पेंढ्या ती कारखान्यासाठी बाजूला काढायची आणि उरलेलं म्हशीला घालायची. हाताने पीळ देऊन त्याची जाड दोरी करायची आणि ती मूर्तीभोवती गुंडाळायची. तो पीळ साऱ्या पेण तालुक्यात दुसऱ्या कोणाला जमत नाही, असं तिचं म्हणणं होतं. खोटंही नव्हतं.

आतापर्यंत सुशीलचा माल मुंबईच्या व्यापाऱ्याकडे जायचा आणि तिथे नव्याने बांधून परदेशी. यंदा पहिल्यांदाच मॉरिशसच्या एका दुकानाने थेट त्याला मागणी दिली. मधलं सगळं पाहायला होता पेणचा अर्शद, सुशीलचा शाळासोबती. बरीच वर्षं दुबईत माल चढवण्या-उतरवण्याच्या कंपनीत काढून तो परत आला होता आणि आता इथून बाहेर माल पाठवायचा धंदा करत होता. त्याने पुठ्ठ्याचे खोके आणि पांढरा फोम आणून टाकला आणि म्हणाला, "काकी, या मालाला पेंढा नाय लावायचा हां. चालत नाय तिकडे."

"का? माझ्या पेंढ्याला काय धाड भरलीय?"

"नियम हाय काकी."

काकीला ते फार लागलं. आज एका कारखान्यात फोम आला, उद्या साऱ्या गावात येईल. मग खोका चिकटपट्टीने कोणीही बंद करील, मैनाकाकीला विचारणार कोण? नवरा गेल्यावर याच कामाने तिला उभं ठेवलं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी कामाला ती गेली. फोम मात्र तिच्या हाताला पटेना. गुळगुळीत, थंड, दाबला की पुन्हा वर येणारा. मूर्ती त्यावर जरा सरकतेय असं तिला सारखं वाटे. शेवटी तिने कोणाला न सांगता एक उद्योग केला. प्रत्येक गणपतीच्या बैठकीखाली आपल्या पेंढ्याची एकेक छोटी गुंडाळी सारली. एवढ्याशा पेंढ्याने कोणाचं काय बिघडणार? आणि देवाला परक्या गादीवर झोप तरी कशी येईल?

बंदराजवळच्या गोदामात तपासणीला खोका उघडला आणि काकीची गुंडाळी सगळ्यांसमोर बाहेर आली. मग सगळेच खोके उघडले. माल परत जोह्याला आला, बोट निघून गेली. हे कोणी केलं असं विचारायची वेळच आली नाही. त्या पेंढ्याला पडलेला पीळ सगळ्यांच्या ओळखीचा होता. सुशील एकेक खोका उतरवून मोजत राहिला. चार शिव्या घातल्या असत्या तर काकीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेलीच नाही. ओटीवर वाल निवडत बसली. आता आपल्याला कोणी बोलावणार नाही, हे तिने मनाशी धरलंच होतं. दुपारी फाटकाशी अर्शदची मोटरसायकल थांबली.

"ये, तू पण बोल काय बोलायचं ते," काकी मान वर न करता म्हणाली.

अर्शद पायरीवर बसला. "काकी, चूक माझी पण हाय. मी नुसता नियम म्हटलो, कशाचा ते नाय सांगितलं. मॉरिशसला जिकडे तिकडे ऊस. त्यांचं पोट त्यावर. आपल्या पेंढ्यातून एखादी अळी गेली तर त्यांच्या शेतांची वाट लागंल, म्हणून भितात ते."

काकीचा हात वालांवर थांबला. गेल्या साली तिचं स्वतःचं खालचं शेत खोडकिड्याने खाल्लं होतं. हिरवं दिसणारं भात पांढरं पडत गेलेलं तिने बांधावर उभं राहून पाहिलं होतं.

"अळी व्हय?" ती म्हणाली. "आरं, मग तसं बोलायचं ना! मला वाटलं, आमच्या पेंढ्याची त्यांना घाण वाटते."

"घाण कशाला वाटंल? शेतकरीच हायेत."

"मग बरोबर हाय त्यांचं. माझ्या बांधावर असला पेंढा कोणी आणला असता तर मी टांगडी मोडली असती त्याची." सुपातले वाल तिने तसेच टाकले आणि पदर खोचला. "चल, बस तुझ्या गाडीवर. रद्दी भेटंल का पेणला? कागदात तर अळी नसते."

कारखान्यात शिरली ती थेट सुशीलसमोर उभी राहिली. "चुकले बाबा. नियम कळला नव्हता, आता कळला. पण तो फोम एकटा काय कामाचा नाय. मला एक खोका बांधू दे माझ्या हिशोबाने. तू तो उंचावरून टाक. फुटला तर मी उद्यापासून येत नाय."

तिने वर्तमानपत्रं आडवी फाडली, जरा ओलसर केली, पेंढ्यासारखाच पीळ देऊन दोरी वळली आणि तिची गोल चुंबळ केली, बायका हंड्याखाली डोक्यावर घेतात तशी. चुंबळ सुकली तेव्हा कडक झाली, पण आतून मऊ राहिली. मूर्ती तिच्यावर बसवली, भोवती फोम दिला. सुशीलने डोळे मिटून खोका टाकला. उघडला तर सोंडेला ओरखडासुद्धा नव्हता.

मग काय, अख्ख्या कारखान्याने कागद पिळायला घेतले. अर्शदही बसला, त्याची चुंबळ पाहून बायका हसून लोळल्या. माल पुढच्या बोटीने गेला.

पोहोचायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत काकी रोज अर्शदला बोट कुठवर गेली ते विचारायची. वारा सुटला तरी तिला बोट हलताना दिसायची.

आणि एका सकाळी सुशील फोन घेऊन धावत आला. मॉरिशसच्या दुकानाच्या मालकीणबाईंना मूर्ती बांधणाऱ्या बाईशीच बोलायचं होतं. त्यांच्या पणजोबांच्या वेळेपासून घर तिकडेच, पण मराठी सोडली नव्हती. थोडी जुनी, थोडी अडखळती.

"मावशी," त्या म्हणाल्या, "एकाही गणपतीचं बोट तुटलं नाही. पुढल्या वर्षी तुम्हीच बांधा हो."

मैनाकाकीचे डोळे भरून आले होते. कारखाना काम थांबवून तिच्याकडे पाहत होता. तिने फोन दोन्ही हातांनी धरला आणि समुद्रापलीकडे ऐकू जावं अशा मोठ्या आवाजात विचारलं,

"गो बाय, तुमचा ऊस कसा हाय यंदा?"