तात्पर्य सांगितल्यावरच दुसरी कादंबरी

आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, एक नियम होता. हैदराबादेत नामपल्लीची कचेरी सुटली की ते वाचनालयातून कादंबरी निवडून आणायचे. ती वाचून झाली की जेवताना आम्ही बहिणींनी तिचं तात्पर्य सांगायचं. तात्पर्य नाही, तर दुसरी कादंबरी नाही. ‘प्रत्येकानं वाचलीच पाहिजे’ म्हणून आणलेल्या त्या कादंबऱ्या इतक्या गोडमिट्ट असत की माझं डोकं उठायचं. मी चार पानं चाळून ‘सत्याचा विजय होतो’ असं ठोकून द्यायचे. बहुतेक वेळा ते चालूनही जायचं.

मग हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, कचेऱ्यांची वाटणी झाली आणि अक्काच्या नवऱ्याला औरंगाबादला धाडलं. ‘घर मिळालं की नेतो’ म्हणून तो तिला आमच्याकडे सोडून गेला. वर्ष उलटलं तरी त्याला घर काही मिळेना. खुशालीचं कार्डसुद्धा नाही. शेजारणी विचारायच्या, “अब्बी इधरीच है क्या?” मला असा संताप यायचा!

अक्काला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. अण्णा म्हणाले, “धीर धर,” आणि तिच्यासाठी मुद्दाम एक कादंबरी घेऊन आले. तिच्यातली बायको आयुष्यभर नवऱ्याची वाट पाहते आणि शेवटच्या पानावर तो येतो. अक्कानं ती वाचली. जेवताना म्हणाली, “अण्णा, त्या बाईला कुणी एकदाही विचारलं नाही, की बाई गं, तुला काय हवंय? मी एवढंच शिकले. मला ट्रेनिंगला जायचंय.”

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. आता घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण त्यांनी तोच घास पुन्हा उचलला. पुढच्या आठवड्यात स्वतः जाऊन ट्रेनिंग कॉलेजात तिचं नाव घालून आले.

दिवाळीच्या तोंडावर नवरा उगवला, न कळवता. “तिला सामान बांधायला सांगा,” म्हणाला. अण्णांनी त्याला पाणी दिलं. “ती कॉलेजात गेलीये. बसा जावईबापू. आली की तिलाच विचारा.”

अक्का आली. तिनं चहा केला आणि त्याच्यासमोर बसली. “मी जिवंत आहे की मेले, एवढं तरी विचारायचं होतंत,” म्हणाली. “मी येत नाही.”

तो एकटाच परत गेला. काही झालं तरी जावई, म्हणून अण्णा त्याला काचीगुडा स्टेशनावर पोचवून आले. आल्यावर अक्काजवळ बसले.

“मला फार भीती वाटतेय गं पोरी,” म्हणाले.

“मलाही वाटतेय अण्णा,” अक्का म्हणाली आणि त्यांचं ताट वाढायला उठली.