परातीतली पाखरं

ब्राह्मणपुरीच्या सिंधुबाईंना पाखरांचा नाद लागला तो शहाद्यात. फकीरभाईंच्या रद्दीच्या दुकानात परदेशी पाकिटांचा गठ्ठा आला होता. इंग्रजांच्या वसाहतींची जुनी तिकिटं. बहुतेकांवर राजाराणीची मुंडकी. एकावर मात्र बोर्निओचा धनेश होता. सातपुड्यात दिसतो त्याचाच कुणी थोराड भाऊबंद. सिंधुबाईंनी तेवढं मागून घेतलं, आणि राजाराण्यांकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढे मोबाईलवर ओळखी झाल्या, अदलाबदल सुरू झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे काळे हंस आले, न्यूझीलंडच्या हुइया पक्ष्यांची जोडी आली. यजमान हिंमतराव कौतुकानं म्हणायचे, "शेतात पाखरं हाकलते अन् घरात गोळा करते!"

यंदाच्या मे महिन्यात कूलरची नळी निसटली आणि कपाटाच्या खालच्या खणात पाणी शिरलं. आल्बम चिंब झाला. सिंधुबाईंनी सुरुवातीला सगळी तिकिटं डिंकानं चिकटवली होती; आता पानं एकमेकांना घट्ट धरून बसली. कूलर भरला होता सुनेनं, रुपानं. तिचा चेहरा उतरला.

"मन्हामुये सारं वाया गयं, आत्याबाई."

"काही नही गयं. परात लई ये, पानी भर."

"आखो पानी?" आधीच चिंब झालेल्यावर आणखी पाणी कशाला, रुपाला कळेना.

"डिंक शे तो. पानीम्हाच सुटस."

रुपानं एक पान ओढून पाहायला हात पुढे केला, तोच सिंधुबाईंनी तिचं मनगट धरलं. ओढलं की फाटतं. त्यांनी अख्खा आल्बमच अलगद परातीत सोडला आणि खुशाल चहा ठेवला. चहा पिऊन होतो न होतो तोच धनेश वर आला. मग एकेक पाखरू सुटत गेलं. हुइया मात्र हलेना. हा पक्षी आता जगात कुठेच उरला नाही, हे ऐकल्यापासून रुपाची नजर परातीवरून हटत नव्हती. शेवटी कागदाचा एक कोपरा सुटला, आणि जोडी तरंगली. रुपानं ती तळहातावर झेलली.

एका पोपटाचा रंग मात्र पार उतरला. सिंधुबाईंना हळहळ वाटली, पण थांबल्या नाहीत. जुन्या सुती लुगड्याच्या घडीत तिकिटं ठेवून त्यांनी वर पाटा ठेवला.

पावसाळ्यानंतर नंदुरबारला तिकिटांचं प्रदर्शन भरलं. दोघींनी नव्या पानांवर पाखरं मांडली. या खेपेला डिंक नाही, पारदर्शक कप्पे. रंग उडालेला पोपटही रुपानं हट्टानं लावला. तो पाहून सुरतेचे एक संग्राहक थबकले.

"हे असं कसं झालं?"

"मी भिजवलं," रुपा म्हणाली. "बाकीची आत्याबाईंनी वाचवली."

गृहस्थ हसले आणि गप्पांत रमले. त्यांच्याकडे बहामाचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, जादा होते, निळ्या आभाळात उडणारे लाल. सिंधुबाईंकडे काळे हंस दोन होते. सौदा तिथल्या तिथे ठरला. सिंधुबाईंनी चिमट्यानं रोहित उचलले आणि रुपासमोर धरले.

"बोल, कोनता पानवर लावानं?"